वर्गाच्या छायाचित्रात नसलेली मुले

पनवेल तालुक्यातील एखाद्या जुन्या घरात, देवघराच्या शेजारच्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या पेटीत, चौथीच्या वर्गाचे छायाचित्र सापडते. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली मुले, मधोमध खुर्चीवर गुरुजी, मागे शाळेची कौलारू पडवी. आज साठीच्या घरात असलेला करंजाड्याचा एखादा गृहस्थ ते छायाचित्र हाती घेतो, तेव्हा बहुतेक सारी नावे त्याला आठवतात. पाटील, म्हात्रे, भोईर, घरत, ठाकूर, पुन्हा पाटील. एकदोन कोळ्यांची मुले. बौद्धवाड्यातला एखादा मुलगा, रांगेच्या अगदी कडेला. ‘आमच्या वेळी शाळेत भेदभाव नव्हता, सगळे एकत्र बसत असू,’ असे तो नातवाला सांगतो. तो खोटे बोलत नसतो. छायाचित्रात जे आहेत ते खरोखरच एकत्र बसत होते. प्रश्न आहे तो छायाचित्रात जे नाहीत त्यांचा.

या पट्ट्यात गावापासून थोड्या अंतरावर, टेकडीच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी असे. खैरापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगलावरचा हक्क गेला, तसा तो धंदाही गेला, आणि मागे उरली ती मजुरी. दिवाळी सरली की वाडीतील कुटुंबे वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊन निघत आणि पावसाच्या तोंडाशी परतत. मुले अर्थातच बरोबर जात. शाळेच्या पटावर त्यांची नावे कधी असत, कधी नसत. वर्षअखेरीस छायाचित्र काढायच्या दिवशी मात्र ती मुले विटा थापत असत. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमाती मानले आहे, त्यांत माडिया गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर कातकरीही आहेत. रायगड जिल्ह्याच्या अंगणातच ही जमात राहते. त्या गृहस्थाने लहानपणी कातकरी पाहिले नाहीत असे नव्हे. शेतावर पाहिले, लाकडाची मोळी घेऊन आलेले पाहिले, बाजारच्या वाटेवर पाहिले. वर्गात पाहिले नाहीत, आणि त्याचे त्याला तेव्हा नवल वाटले नाही. नवल वाटले नाही, हीच या कहाणीतील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आता नातवाच्या वर्गाकडे वळावे. करंजाडे आज सिडकोची वसाहत आहे. भातखाचरांच्या जागी सेक्टर आले, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींत घाटावरची, खानदेशातली, कोकणातली, उत्तरेतली, दक्षिणेतली कुटुंबे राहावयास आली. नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. त्याच्या वर्गात बंगाली आहे, मल्याळी आहे, भोजपुरी बोलणारा आहे. अशा शाळांतून वर्षातून एकदा मुलांना निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख घालून रंगमंचावर उभे केले जाते आणि विविधतेतील एकतेचे भाषण होते. पालकांना धन्य वाटते. आजोबांच्या वर्गाहून हा वर्ग किती विशाल!

पण त्या वर्गाचेही छायाचित्र नीट पाहावे. प्रांत अनेक, भाषा अनेक, फी मात्र एकच. ती फी भरू शकणाऱ्यांचीच मुले त्यात आहेत. त्याच इमारतीच्या पहारेकऱ्याचा मुलगा, वर चार घरची भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी, शेजारच्या भूखंडावर सळ्या बांधणाऱ्या मजुराची मुले या छायाचित्रात नाहीत. कातकरी वाडीतील मूल तर आजोबांच्या छायाचित्रातही नव्हते आणि नातवाच्याही नाही. आजोबांच्या काळी त्याला जातीने आणि स्थलांतराने बाहेर ठेवले. नातवाच्या काळी त्या दोहोंच्या जोडीला फी आली. पहारेकरी बदलला, फाटक तेच राहिले.

या फाटकाचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १८५६ साली मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. मुलाचा हक्क तत्त्वतः अमान्य करणे सरकारला जड गेले. तरीही एकासाठी अनेकांचा रोष कशाला ओढवून घ्यावा, असा हिशेब करून मुंबई सरकारने नकार कायम ठेवला. पुढे वरिष्ठांनी त्याबद्दल नापसंती दर्शविली आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे १८५८ साली जाहीर झाले. जाहीर झाले, एवढेच. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांना हेच सांगावे लागले की, सरकारचा शिक्षणावरील पैसा रयतेच्या करातून येतो आणि वरच्या वर्गांच्या मुलांवर खर्च होतो. भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकले ते घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून वेगळे बसून. म्हणजे शाळेच्या दाराच्या आत घेतले तरी वर्गाच्या आत घेतलेच असे होत नाही, हा धडाही याच भूमीने दिला.

उलट बाजूची उदाहरणेही याच भूमीतील आहेत. शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणले. आणि १९१९ साली त्यापुढचे पाऊल टाकून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या व ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. शिक्षण देणे आणि एकत्र शिक्षण देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या राजाने पुरते ओळखले होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. त्याची आठवण आज महाडच्या चवदार तळ्यामुळे निघते, कारण त्या ठरावाच्या आधारेच १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्यायले. परंतु त्या ठरावात पाणवठे आणि धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. महाड तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील. या जिल्ह्याने पाण्याचा सत्याग्रह पाहिला. एकाच बाकाचा सत्याग्रह अद्याप व्हावयाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात स्पष्ट बजावले की, श्रीमंतांच्या वेगळ्या आणि गरिबांच्या वेगळ्या शाळा राहिल्या तर शिक्षणच समाजातील दरी वाढवील. आयोगाने समान शाळेची, शेजारशाळेची शिफारस केली: एका वस्तीतील सर्व मुले, जात-धर्म-उत्पन्न न पाहता, एकाच शाळेत. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरच्या मातीतले. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समान शाळा तत्त्वतः स्वीकारली, १९८६ च्या धोरणाने पुन्हा स्वीकारली. ‘तत्त्वतः’ हा शब्द आपल्या राज्यकर्त्यांचा फार आवडता आहे. त्या आडोशाला दोन पिढ्यांची शाळा फुटत गेली. सधन पालक जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळेतून निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ गावातील वजन असलेली सारी माणसे गेली. आणि ज्या शाळेत सरपंचाचे मूल नाही, त्या शाळेच्या गळक्या छपराची फिर्याद ऐकायला कोणी उरले नाही. पट घसरला. मग पट घसरला म्हणून शाळा परवडत नाही, असे म्हटले जाऊ लागले. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची योजना राज्य सरकारने पुढे आणली. वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलाला चार किलोमीटरवरची समूह शाळा म्हणजे काय, हे मंत्रालयातील नकाशावर दिसत नाही.

या वाटचालीत एक फट ठेवली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या या कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील परिसरातल्या मुलांना द्यावयाच्या आणि त्यांचा ठरलेला खर्च सरकारने द्यावयाचा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली; अल्पसंख्याक शाळा मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलून ठेवला: ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला या जागा देण्याचे बंधन नाही. युक्तिवाद वरवर निरुपद्रवी होता. जवळ सरकारी शाळा असताना सरकारने खाजगी शाळेला पैसे का द्यावेत? मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्दबातल ठरविला.

त्या युक्तिवादाचा प्रतिवाद न्यायालयावर सोपवून कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये, कारण तो पुन्हा येणार आहे. शिवाय त्यात एक अर्धसत्य आहे, जे समाजवाद्यालाही भुरळ घालते. सरकारी पैसा सरकारी शाळेलाच मिळाला पाहिजे, हे खरेच आहे. परंतु नियमबदलाने वाचणारा पैसा जिल्हा परिषदेच्या शाळेला देण्याचे वचन कोठेही नव्हते. त्यातून एवढेच झाले असते की, पहारेकऱ्याच्या मुलाला त्याची शाळा दाखवून दिली गेली असती आणि खाजगी शाळेचा वर्ग पुन्हा ‘शुद्ध’ झाला असता. तुझ्यासाठी वेगळी शाळा आहे, तिकडे जा, हे वाक्य नवे नाही. अमेरिकेत काळ्या मुलांना ते दीर्घकाळ ऐकविले गेले. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात निर्णय दिला की, सार्वजनिक शिक्षणात वेगळे ठेवणे हीच विषमता होय. इमारत आणि पुस्तके सारखी दिली तरी ती भरून निघत नाही. पुढचा इतिहासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. शहरांतील शाळा मिश्र करण्याचे हुकूम निघू लागले तशी अनेक गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली, आणि १९७४ साली त्याच न्यायालयाने बहुतांशी उपनगरांना मिश्रणाच्या योजनेबाहेर राहू दिले. करंजाड्यात कोणाला उपनगरात पळावे लागत नाही. एकाच रस्त्यावर राहून, एकाच नळाचे पाणी पिऊन, फीच्या पावतीनेच वस्ती दुभंगते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पालक म्हणतो, माझ्या मुलाच्या आयुष्यावर मी सामाजिक प्रयोग का करू द्यावा? हा पालक खलनायक नव्हे. धुणीभांडी करणारी बाईसुद्धा कानातले मोडून मुलीला इंग्रजी शाळेत घालते. तिला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. तिने केलेली निवड हे सरकारी शाळेवरचे तिचे मत आहे, आणि ते अनुभवातून आले आहे. तेव्हा प्रश्नाचे उत्तर उपदेशाने न देता पुराव्याने द्यावे. दिल्लीत अनेक खाजगी शाळांना सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळाली होती आणि गरीब मुलांना जागा देण्याची अट त्यासोबत होती. ती अट अनेक वर्षे कागदावर राहिली. न्यायालयात भांडून ती जागी केली गेली आणि २००७ पासून त्या शाळांना गरीब मुले घ्यावी लागली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तेथील सधन मुलांचा अभ्यास केला व तो २०१९ साली प्रसिद्ध केला. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुले अधिक उदार झाली, सेवाकार्यात अधिक भाग घेऊ लागली, आणि धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला केवळ गरीब म्हणून डावलण्याचे प्रमाण घटले. अभ्यासातील एकंदर प्रगती फारशी खालावली नाही. इंग्रजीत किंचित फरक पडला आणि वर्गात शिव्या थोड्या वाढल्या. एवढीच काय ती किंमत. ज्याला ही किंमत जड वाटते, त्याने आपल्या मुलाला कोणत्या समाजात जगावयाचे आहे याचा विचार एकदा करून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. गरिबाचे मूल श्रीमंतांच्या शाळेत घालून त्याचा पाणउतारा होणार नाही काय? डबा वेगळा, बूट वेगळे, सहलीचे पैसे नाहीत, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही. होतो, पाणउतारा होतो. साताऱ्याच्या गोणपाटाचे आजचे रूप तेच आहे. म्हणूनच २५ टक्क्यांवर समाधान मानणे चूक आहे. उरलेल्या ७५ टक्क्यांच्या मर्जीवर जगणारे मूल पाहुणे असते, मालक नसते. शेजारशाळा ही सर्वांच्या मालकीची शाळा असते, तेथे कोणीही उपकृत नसतो. २५ टक्के ही वाट आहे, मुक्काम नव्हे. परंतु मुक्काम दूर आहे म्हणून वाट बुजू देणे हे शहाणपण नाही.

करंजाड्याच्या परिसरात हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान येथे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. आणि त्या रक्तातून विकसित साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क निघाला. या गावांतील शेंबड्या पोरालाही साडेबारा टक्के म्हणजे काय ते कळते. पंचवीस टक्के म्हणजे काय, हे मात्र वाडीत कोणाला ठाऊक नाही. पहिली टक्केवारी लढून मिळविली म्हणून ती घराघरात पोचली. दुसरी राजपत्रातून आली आणि तेथेच राहिली. शिवाय पहिल्या टक्केवारीतही ज्याच्या नावावर सातबारा होता त्यालाच वाटा मिळाला. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन कातकऱ्याच्या नावावर काहीच नव्हते. ज्याने अन्याय सोसला त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा थोडी अधिक असते. भूमिपुत्राच्या इमारतीतील मुले आणि वाडीतील मुले एका बाकावर बसवण्याची मागणी भूमिपुत्रांच्या संघटनांनीच पुढे करावी, हे त्या हुतात्म्यांच्या स्मरणाला शोभणारे आहे.

मग करावयाचे काय? पहिले काम पट तपासण्याचे. प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक वाडीत सहा ते चौदा वयाची किती मुले आहेत आणि ती कोठे आहेत, याची नोंद कार्यकर्त्यांनी स्वतः घरोघर जाऊन करावी. दुसरे, २५ टक्के प्रवेशाचे अर्ज संगणकावर निघतात तेव्हा जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जन्माची नोंद या तीन कागदांपायी वाडीतील मूल सोडतीपर्यंतही पोचत नाही. ते कागद आधीच्या सहा महिन्यांत मिळवून द्यावेत. तिसरे, सिडकोने शाळांसाठी दिलेल्या भूखंडांचे करार आणि त्यांतील अटी जाहीर कराव्यात, आणि सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या शाळेत परिसरातील गरिबाला स्थान आहे की नाही, हे दरवर्षी लोकांपुढे ठेवावे, अशी मागणी लावून धरावी. दिल्लीत जे झाले ते येथे अशक्य नाही. चौथे, वीटभट्टीच्या हंगामात मुले गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे वेळेवर, म्हणजे दिवाळीपूर्वी, सुरू करून घ्यावीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे चालत जावे, हे त्यांचे सूत्र होते. महाराष्ट्राला ते नव्याने शोधावे लागणार नाही.

पाचवे काम सर्वांत अवघड, कारण ते दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचे नाही. समतेच्या सभेत भाषण करणाऱ्या कार्यकर्त्याची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात? सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली उत्तर प्रदेशाला दिला होता. तो कागदावरच राहिला. हुकुमाने जे झाले नाही ते निष्ठेने व्हावे. प्रत्येकाला ते जमेल असे नाही, घरोघरच्या अडचणी असतात. परंतु दहा कार्यकर्त्यांनी आपली मुले गावठाणातील मराठी शाळेत घातली, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसले, शिक्षकाच्या रिक्त जागेसाठी पंचायत समितीच्या दारात ठाण मांडले, तर त्या शाळेचे छप्पर वर्षभरात गळायचे थांबेल. सरकारी शाळा सुधारतात त्या तेथे शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या आवाजाने. आज तेथे फक्त ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही त्यांचीच मुले उरली आहेत.

तो करंजाड्याचा गृहस्थ छायाचित्र पुन्हा पेटीत ठेवतो. त्याच्या वर्गात जी मुले नव्हती त्यांची नावे त्याला ठाऊक नाहीत. ठाऊक असण्याचे कारणच घडले नाही. पन्नास वर्षांनंतर त्याच्या नातवाने आपल्या वर्गाचे छायाचित्र काढले, तर वाडीतल्या, चाळीतल्या, पहारेकऱ्याच्या खोलीतल्या मुलांची नावेही त्याला पाटील-म्हात्र्यांच्या नावांइतकीच सहज आठवली पाहिजेत. ते छायाचित्र कसे असेल, हे येत्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात कोण कोणाशेजारी बसते त्यावर ठरणार आहे.